टाकी निम्मी झाली की बंद पडणारी गाडी

[दृश्य: पहाट. तवंदी घाट चढणारे ट्रक.]

जुना चार नंबर हायवे. आता त्याला ४८ म्हणतात. निपाणी सोडून संकेश्वरकडे निघालं की तवंदी घाट लागतो. याच चढाला माझ्या मामांचा ट्रक महिन्यात तीनदा बंद पडला. सपाटीला काही नाही. चढ आला की गाडी ओढायची थांबते, दोन-चार झटके देते आणि गप्प.

उसाचा हंगाम सुरू झाला की या भागात गाडीला एक दिवससुद्धा उभं राहणं परवडत नाही. म्हणून मामांनी पावसाळ्यातच दारात काम काढलं होतं. डिझेलचे रबरी पाईप चिरले होते, ते सगळे स्वतः बदलले. काम स्वच्छ होतं. पाईपातली एअर काढली, सेल मारला, गाडी सुरू.

मग घाटातला हा त्रास. फिल्टर बदलला. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप नवा घातला. शेवटी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवायची भाषा सुरू झाली.

[दृश्य: बेळगाव, उद्यमबागेजवळचं गॅरेज.]

मेस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी एवढंच विचारलं, "अण्णा, टाकी फुल असताना कधी बंद पडलीय काय?"

मामा थांबले. आठवून बघितलं. नाही. तिन्ही वेळा काटा निम्म्याच्या खाली होता.

मेस्त्रींनी डिझेलचा कॅन वर ठेवला, फीड पंपाचा पाईप सोडवून त्यात बुडवला आणि इंजिन रेस केलं. अर्धा तास गाडी कुठंही अडखळली नाही. म्हणजे पंप चांगला, फिल्टर चांगला, नोझलही चांगले. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत.

[दृश्य जवळून: टाकीवरचे पाईप जोडायचे दोन निपल, बोटांत बारीक तार.]

हे नीट बघा. टाकीवर शेजारी शेजारी दोन निपल, दोन्ही एकाच जाडीचे. मेस्त्री पहिल्यात तार सोडतात. वीतभर जाते आणि अडकते. दुसऱ्यात सोडतात, ती जातच राहते, जवळजवळ तळाला टेकते. लांब नळी डिझेल ओढायची. आखूड नळी परतीची. पंप आणि नोझलमधून उरलेलं डिझेल तिच्यातून टाकीत परत येतं. मामांच्या हातून या दोन्हींचे पाईप उलटसुलट झाले होते. इंजिन आखूड नळीतून डिझेल ओढत होतं.

"विहिरीत पाणी हाय अण्णा, पण फुटव्हॉल्व्ह उघडा पडलाय," मेस्त्री म्हणाले. फुटव्हॉल्व्ह म्हणजे विहिरीत सोडलेल्या पाईपच्या टोकाची झडप, तिथूनच पाणी ओढलं जातं. मामांना पुढं काही सांगावं लागलं नाही.

टाकी भरलेली असते तेव्हा आखूड नळीचंही तोंड बुडलेलं असतं. डिझेल उतरलं, त्यात चढाला ते मागच्या अंगाला सरकलं, की तोंड उघडं पडतं आणि लाईन हवा धरते. हवा दाबली जाते, त्यामुळं नोझल उघडण्याइतकं प्रेशरच तयार होत नाही. गाडी बंद.

पाईप अदलाबदल करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण मेस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. नव्या पाईपवर हात फिरवत इंजिनापर्यंत गेले आणि एका जागी हात थांबला. पाईप सायलेन्सरच्या गरम नळीपासून जेमतेम दोन बोटांवर लोंबत होता. जुन्या पाईपला तिथं क्लिप होती, ती परत बसवलीच नव्हती. मला तर घाटातल्या बंद गाडीपेक्षा हीच गोष्ट जास्त भयंकर वाटली. तापलेल्या लोखंडावर डिझेल गळलं असतं तर गाडी पेटली असती, आणि आत माझे मामा होते.

दारात गाडीचं काम करणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. रस्त्याकडेला अडकलेली गाडी तेच हात सोडवतात. फक्त पाईप सोडवण्याआधी खूण करा. मोबाईलवर फोटो काढा, क्लिप कुठं होती तेही फोटोत येऊ द्या. पाण्याच्या पाईपांनाही हेच लागू, आणि इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

[दृश्य: टाकीवरच्या एका पाईपला लाल सुतळी बांधणारे मामांचे हात.]

लाल सुतळी म्हणजे ओढायचा पाईप. दुसऱ्याला काही नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी मुद्दाम डिझेल भरलं नाही. काटा पावच्या खाली. निपाणीतून निघालो. घाट सुरू झाला, मामांनी गिअर उतरवला. जिथं तीनदा उभे राहिलो होतो, ते वळण डावीकडं आलं आणि मागं गेलं.