डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ

नमस्कार श्रोतेहो. आज मी बोलणार आहे स्पीच थेरपीच्या, म्हणजे बोलणं सुधारण्याच्या उपचारांच्या, खर्चाबद्दल आणि मेडिक्लेममधून तो कधी परत मिळतो त्याबद्दल. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं ध्यानात ठेवा. पॅरालिसिसच्या झटक्यानं घरातल्या कुणाची वाचा गेली, तर दवाखान्यातून निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर 'स्पीच थेरपी' हे दोन शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या. निघण्याआधी.

का, ते आमच्या मामांच्या गोष्टीतून सांगते.

मामा एसटीत कंडक्टर होते. सातारा-महाबळेश्वर मार्गावर कितीतरी वर्षं काढली त्यांनी. हातात तिकिटांचा ट्रे, बोटांत पंच आणि खणखणीत आवाज. प्रत्येक थांबा ओरडून सांगायचे. हल्ली गाडीत थांबा कुणी सांगत नाही, म्हाताऱ्या माणसांना खिडकीला नाक लावून अंधारात गाव ओळखत बसावं लागतं. मला ते फार खटकतं. असो. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मामांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. सहा दिवस दवाखान्यात होते. मुलानं पॉलिसी काढलेली, सगळं कॅशलेस झालं. घरी आले तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता. 'चला.'

पाणी हवं, चला. दुखतंय, चला. राग आला तरी चला. त्यांना सगळं कळत होतं हो! ह्याला वाचाघात म्हणतात. कान शाबूत, अक्कल शाबूत, फक्त शब्द हाती लागत नाही. भेटायला येणारे मात्र बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलायचे. कृपा करून असं करू नका. आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. खोलीतला टीव्ही बंद ठेवा.

आठवड्यातून तीनदा थेरपिस्ट घरी यायला लागल्या. तरुण मुलगी, फार शांत. मामा कंडक्टर होते हे कळल्यावर तिनं चित्रांची कार्डं बाजूला ठेवली आणि म्हणाली, "काका, गाडी निघाली. सातारा..."

मामांचे ओठ हलले. "पाचवड. वाई. पाचगणी. महाबळेश्वर."

मामी स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातानं उभी होती, तशीच राहिली. थेरपिस्टनं समजावलं की पाठ झालेली गोष्ट, पाढे, हरिपाठ, वार, महिने, हे वाचा गेलेल्या माणसालाही पुष्कळदा ओळीनं म्हणता येतं. त्या ओळीतून एकेक शब्द सोडवून घ्यायचा असतो. मग दर सत्राला गाडी सुटायची. ती "सातारा, पाचवड" म्हणून थांबायची, मामा "वाई" म्हणायचे. सातव्या सत्रात तिनं विचारलं, "वाईला उतरून कुणाच्या माहेरी जायचं?"

मामा कितीतरी वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी मामीचं नाव घेतलं. उभ्या संसारात 'अगं' आणि 'ऐकलंस का' म्हणणारा माणूस! लग्नातल्या उखाण्यानंतर मामीनं त्यांच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकलं. तिनं कणकेचाच हात डोळ्यांना लावला.

आता पैशाचं. मेडिक्लेम मुळात दाखल झालेल्या पेशंटसाठी असतो, साधारण निदान 24 तास. स्पीच थेरपी दाखल न होता घ्यायची, म्हणजे ओपीडी, आणि ओपीडीचा खर्च साध्या पॉलिसीत मिळत नाही. पण डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतला, त्याच आजाराचा खर्च मिळतो. आरोग्य संजीवनी या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसीत हे दिवस 60 आहेत, काही पॉलिसींत जास्त. दवाखान्याचं बिल कॅशलेस झालं की लोकांना वाटतं संपलं. संपत नाही. घरी आल्यानंतरचा खर्च आधी आपण भरायचा आणि मागून मागायचा. संजीवनीत हे उपचार संपल्यापासून 15 दिवसांत कागद द्यावे लागतात. तुमच्या पॉलिसीतली मुदत आजच बघून ठेवा.

मामांची 60 दिवसांत 25 सत्रं झाली. 600 रुपयांप्रमाणे 15,000 रुपये. क्लेम परत आला. कारण? डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, फिजिओथेरपी होती, स्पीच थेरपी नव्हती. आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात फेरतपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवर ती लिहिली होती. तो कागद जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला. त्या तारखेपासूनच्या 16 सत्रांचे 9,600 रुपये मिळाले. आधीच्या नऊ सत्रांचे 5,400 गेले. मामीचं नाव आलं ते सातवं सत्र त्या नऊ सत्रांतच होतं.

म्हणून पुन्हा सांगते, डिस्चार्ज कार्डावर 'स्पीच थेरपी' लिहून घ्या. आणि बिल छापील घ्या, तारीखवार. त्यावर थेरपिस्टची सही आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. मोबाईलवरून पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे बिल नव्हे. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढा.

नकार आला तर पॉलिसीतलं नेमकं कोणतं कलम, हे कंपनीला सांगावंच लागतं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. एका वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही.

लहान मुलांचं थोडक्यात सांगते, वेळ होत आलाय. मूल उशिरा बोलतंय म्हणून लावलेल्या थेरपीला दाखल होणं नसतं, त्यामुळे साध्या मेडिक्लेमची आशा धरू नका. मात्र स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि दाखल न होता घेतलेली थेरपीही त्यात बसते. थेरपीसाठी वेगळी मर्यादा आहे, ती नोंदणी करताना विचारून घ्या. शिवाय 2013 साली आपल्या पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र, कुठे आहे ते विचारा.

मामांची थेरपी 60 दिवसांनंतर आणखी सात महिने आम्ही पदरचे पैसे घालून चालू ठेवली. आता ते फोनवर दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलतात. परवा मी हे भाषण करणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कार्डाचं... सांगणार?"

सांगितलं, मामा. नमस्कार.