सीमाभागातील दिवाणी वकील

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी कुटुंबाला न्यायालयाची पायरी चढावी लागते, ती बहुधा जमिनीपायी. भावाभावांतील वाटप, सरकलेला बांध, अडवलेली पाणंद, विहिरीच्या पाण्याची पाळी, आजोबांनी करून दिलेले खरेदीखत खरे की खोटे, अशा प्रश्नांवर येथील दिवाणी दावे उभे राहतात आणि अनेकदा दावा दाखल करणाऱ्याच्या मुलांना तो पुढे चालवावा लागतो. या दाव्यांत वादी किंवा प्रतिवादीच्या बाजूने उभा राहणारा मराठी वकील कसा घडतो आणि त्याचे काम नेमके काय असते, हे या माहितीपटात आपण पाहणार आहोत.

बेळगावात कायद्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कर्नाटक लॉ सोसायटीने १९३९ साली येथे विधी महाविद्यालय सुरू केले आणि वंटमुरीच्या राजा लखमगौडा यांचे नाव धारण करणारे ते महाविद्यालय आजही टिळकवाडीत उभे आहे. मराठी शाळेत शिकून, पुढे इंग्रजीतून बारावी किंवा पदवी करून येथे दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला तीन किंवा पाच वर्षांत कायद्याची कलमे येतात. वकिली मात्र त्याला ज्येष्ठांच्या कार्यालयातच शिकावी लागते. वकिलीची सनद मिळाल्यावरची पहिली काही वर्षे तारखा घेण्यात, नकलांसाठी अर्ज करण्यात, जुन्या फायली वाचण्यात आणि ज्येष्ठांच्या मागे बसून उलटतपास ऐकण्यात जातात. या काळात मिळकत तुटपुंजी असते, आणि म्हणून शेतकरी घरातील हुशार मुलेमुली ही वाट अर्ध्यावर सोडतात, याची खंत वाटते. कारण बांध, पोटहिस्सा आणि वहिवाट म्हणजे काय, हे त्यांना पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते.

दिवाणी वकिलाची खरी परीक्षा कागदांपाशी सुरू होते, आणि सीमाभागातील कागद विशेष गुंतागुंतीचे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने खरेदीखत मराठीत, त्याआधीची सनद मोडीत आणि आजचा उतारा कन्नडमध्ये, असे एकाच गटाचे कागद समोर येतात. आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि रायबाग १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात. तेथील मालमत्तेचा इतिहास शोधताना त्या संस्थानांच्या दप्तरापर्यंत मागे जावे लागते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरील सही आणि तो करून दिल्याची बाब खरी असल्याचे न्यायालयाला गृहीत धरता येते. ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. परंतु मोडी वाचणारेच विरळ झाले असताना माळ्यावरच्या पेटीत असा कागद आहे आणि तो दाव्याला उपयोगी आहे, हे ओळखणार कोण? ज्या वकिलाला मोडी, देवनागरी आणि कन्नड या तिन्ही लिप्या येतात, त्याच्याकडे आसपासच्या तालुक्यांतून माणसे येतात, ती याचमुळे.

कूळकायद्याचाही येथे वेगळा पेच आहे. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे निहित झाल्या, म्हणजे त्यांची मालकी सरकारकडे गेली, आणि कुळांनी सात नंबरच्या फॉर्मवर भू-न्यायाधिकरणाकडे अर्ज केले. त्या तारखेपूर्वी कोणी कूळ होते की नव्हते, हे दिवाणी न्यायालयाला स्वतः ठरवता येत नाही. त्यामुळे वाटपाचा साधा दिसणारा दावाही न्यायाधिकरणाचा जुना आदेश पाहिल्याशिवाय दाखल करणे धोक्याचे ठरते.

यानंतर येतो साक्षीपुराव्याचा टप्पा, आणि मराठी पक्षकाराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग हाच आहे. वादीचे वादपत्र आणि प्रतिवादीची कैफियत दाखल झाल्यावर न्यायालय वादाचे मुद्दे काढते आणि मग साक्ष सुरू होते. २००२ पासून सरतपास, म्हणजे साक्षीदाराने आपल्याच बाजूने दिलेली पहिली साक्ष, शपथपत्रावर घेतला जातो. ते शपथपत्र वकिलाच्या कार्यालयात तयार होते, कन्नड किंवा इंग्रजीत. आणि त्यावर सही करणारी एखादी आजी आयुष्यभर मराठीच बोललेली असते. उलटतपासात प्रतिपक्षाचा वकील तिला पहिलाच प्रश्न विचारतो की, तुमच्या शपथपत्रात काय लिहिले आहे. तिला ते सांगता आले नाही, तर तिचे खरे बोलणेही संशयास्पद ठरू शकते. म्हणून जबाबदार वकील सही घेण्यापूर्वी शपथपत्रातील प्रत्येक परिच्छेद मराठीतून वाचून दाखवतो, साक्षीदाराकडून तो पुन्हा वदवून घेतो आणि जे त्याला स्वतःला माहीत नाही, ते वाक्य खोडून टाकतो. साक्षीदार मराठीत उत्तर देतो आणि नोंद कन्नड किंवा इंग्रजीत होते, त्या क्षणी ‘आम्ही कसत होतो’ या उत्तराची नोंद ‘आमच्या मालकीची होती’ अशी झाली, तर दाव्याचा अर्थच पालटतो. असा फरक लक्षात येताच तेथल्या तेथे उठून न्यायाधीशांच्या नजरेस आणून देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी त्याला दोन्ही भाषा सारख्याच ताकदीने यायला हव्यात. सीमाप्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो; साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसासाठी वकिलाचे कन्नड हा त्याचा आधार असतो.

सीमाप्रश्नही अखेर दाव्याच्याच रूपात न्यायालयात गेला, हे येथे नमूद करायला हवे. महाराष्ट्राने २००४ साली राज्यघटनेच्या १३१व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. राज्यांची हद्द कोठे असावी, हा त्या दाव्याचा विषय आहे. येथील वकिलाला मात्र ती हद्द आज जेथे आहे, तेथेच धरून रोजचे काम चालवावे लागते. एका कुटुंबाची निम्मी जमीन निपाणीत आणि निम्मी कागलात असते. अशा वेळी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या कलमानुसार यांपैकी कोणत्याही एका ठिकाणच्या न्यायालयात दावा दाखल करता येतो, परंतु एका जमिनीसाठी सातबारा आणि दुसरीसाठी कर्नाटकचा उतारा, अशी दोन्हीकडची कागदपत्रे जुळवावी लागतात. गडहिंग्लज किंवा चंदगडला दिलेल्या मुलीही याच वाटपात पक्षकार असतात. कर्नाटकाने १९९४ साली मुलींना जन्मतः सहदायिक हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच वाटा, दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे स्पष्ट केले. तेव्हापासून भावाची बाजू घेऊन येणाऱ्या अशिलाला, बहिणीचा हिस्सा टाळता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगणारा वकील त्याची फी आणि वर्षे, दोन्ही वाचवतो.

तालुक्याच्या न्यायालयात जे घडते, त्याला इतके महत्त्व का? एकेकाळी येथील अपिले मुंबईला जात, मग ती बंगळूरला जाऊ लागली. २००८ साली धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि २०१३ साली ते कायम झाले, त्यामुळे पक्षकाराचा प्रवास कमी झाला. परंतु दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तरच उच्च न्यायालय लक्ष घालते. कोण केव्हापासून कसत होते, कोणाची सही कोणी पाहिली, या गोष्टी खालच्या न्यायालयात जशा सिद्ध होतात, तशाच बहुतेक वेळा शेवटपर्यंत राहतात.

आणि निकाल लागला, म्हणजे काम संपले, असेही नाही. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंमलात आणायचा निर्णय, झाल्यावर जमिनीची प्रत पाहून प्रत्यक्ष सरस-निरस वाटणी महसूल खात्याकडून होते. मोजणीदार येतो, हिस्से पडतात, दगड रोवले जातात, आणि त्यानंतर उताऱ्यावर नावे लागतात. तो उतारा कन्नडमध्ये असल्यामुळे आडनावातील एखादे अक्षर चुकले, तरी अशिलाच्या ते लक्षात येत नाही; पुढे सोसायटीचे कर्ज काढताना किंवा जमीन विकताना मात्र ते अडते. म्हणून जुन्याजाणत्या वकिलाच्या कार्यालयात नवा उतारा आधी त्याच्या टेबलावर जातो, त्यातील नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र हुकूमनाम्याशी ताडून पाहिले जाते, आणि चूक सापडली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी तहसील कार्यालयात दिला जातो.