सलीनासच्या शेतातली पाठदुखी

मंडळी, सॅन होजेहून 101 नंबरचा हायवे धरून दक्षिणेला निघालं की तासाभरात सलीनासचं खोरं लागतं. आपल्या फ्रिजमधलं लेट्यूस, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी बरेचदा तिथूनच आलेलं असतं. आयोजकांनी मला विषय दिला, 'हिस्पॅनिक स्थलांतरितांचं आरोग्य आणि हक्क'. हिस्पॅनिक म्हणजे मूळचे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतले. विषय अवाढव्य आहे. मायामीतला क्यूबन दुकानदार आणि सलीनासमधली मेक्सिकन मजूर बाई यांना एकाच खान्यात बसवायचं म्हणजे ओढाताण होते. म्हणून मी आज शेतमजुरांबद्दलच बोलणार आहे, आणि तेही कॅलिफोर्नियातल्या.

सुरुवात एका अवजारापासून करतो. आखूड दांड्याची कुदळी. दांडा जेमतेम फूटभर. लेट्यूस आणि बीटच्या रोपांची विरळणी आणि खुरपणी करायला ती मजुरांच्या हातात दिली जायची. मजूर तिला 'एल कोर्तीतो' म्हणत, स्पॅनिशमध्ये 'आखूडशी'. फूटभर दांड्याची कुदळी चालवायची तर कमरेत पार वाकावं लागतं, आणि वाकलेलंच पुढे सरकावं लागतं, सरी संपेपर्यंत. सरी संपली की दुसरी. लांब दांड्याची कुदळी बाजारात नव्हती असं नाही. पण मालकांचं म्हणणं, लांब दांड्यानं चांगली रोपंही कापली जातात. आणखी एक कारण होतं, ते फारसं उघड बोललं जात नसे. सगळे वाकलेले असले की उभा कोण राहिला हे मुकादमाला लांबूनच दिसतं.

कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही गरिबांना मोफत वकील देणारी संस्था 1966 मध्ये सुरू झाली. तिथले वकील मॉरिस जॉर्डेन यांनी 1972 मध्ये मजुरांच्या वतीनं राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याकडे अर्ज केला. डॉक्टरांनी साक्षी दिल्या की या कामानं मणक्याचं कायमचं नुकसान होतं. खात्यानं अर्ज फेटाळला. कारण ऐकण्यासारखं आहे. असुरक्षित अवजारांविरुद्ध नियम होता, पण खातं म्हणालं, तो सदोष अवजारांसाठी आहे. म्हणजे दांडा मोडलेला, पातं सैल झालेलं. ही कुदळी तर धडधाकट आहे! मोडतोय तो माणूस, त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. जानेवारी 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अवजार ज्या रीतीनं वापरायचं आहे त्या रीतीनंच इजा होत असेल तर तेही असुरक्षितच. त्याच वर्षी कुदळीवर बंदी आली.

मला वकील मंडळींचं एरवी फारसं कौतुक नाही. पण या एका निकालानं जितक्या पाठी वाचल्या असतील तितक्या माझ्यासारख्या सार्वजनिक आरोग्यवाल्यांच्या शिबिरांनी वाचलेल्या नाहीत. वेदनाशामक गोळ्या वाटून तो आजार हटणारा नव्हता. अर्थात मालकांनीही वाट काढली. कुदळी गेली, तर हातानं तण उपटायला लावलं. पाठ वाकलेली ती वाकलेलीच. त्यावर निर्बंध यायला 2004 उजाडलं.

या मजुरांच्या वाट्याला हे का आलं? अमेरिकेत 1935 साली युनियनचा हक्क देणारा कायदा झाला, 1938 साली किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा. दोन्हींतून शेतमजूर वगळले. तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांत शेतमजुरी करणाऱ्यांत कृष्णवर्णीय फार मोठ्या संख्येनं होते, आणि तिथल्या खासदारांची मतं रूझवेल्ट सरकारला हवी होती. पुढे कॅलिफोर्नियात त्या वगळण्याची झळ मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांना बसली. किमान वेतन 1966 नंतर काहींना मिळालं. ओव्हरटाइम देशाच्या कायद्यात अजूनही नाही. कॅलिफोर्नियानं 2016 मध्ये स्वतःचा कायदा करून तो टप्प्याटप्प्यानं आणला.

उन्हाचंही तसंच. 2005 मध्ये उष्माघातानं मजूर दगावले, तेव्हा कॅलिफोर्नियानं नियम केला. असा नियम करणारं ते देशातलं पहिलं राज्य. माणशी तासाला जवळपास लिटरभर पाणी, सावली, थांबायची मुभा. ऐकायला किती साधं! तरी तीनच वर्षांनी, 2008 मध्ये, द्राक्षमळ्यात काम करणारी सतरा वर्षांची गर्भार मुलगी उन्हानं कोसळली आणि दोन दिवसांनी गेली. पाणी होतं, पण कामाच्या जागेपासून लांब. ज्या माणसाला तुकड्यावर पैसे मिळतात, पेटीमागे अमुक इतके, तो पाण्यासाठी तेवढं चालत जात नाही. गेला तर पेटी कमी भरते. म्हणून पाणी किती आहे एवढं लिहून भागत नाही, ते कुठे ठेवायचं हेही नियमात लिहावं लागतं.

आता दवाखान्याकडे येऊ. कायद्यानं काहीच दिलं नाही असं मात्र नाही. 1962 मध्ये स्थलांतरित मजुरांच्या दवाखान्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. या दवाखान्यांत देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं आहेत का हे विचारत नाहीत, फी ऐपतीप्रमाणे घेतात. 1986 पासून इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या, कागदपत्रं नसलेल्या माणसाला काही राज्यांत नेमानं डायलिसिस मिळत नाही. जीव धोक्यात आल्यावरच मिळतं. म्हणजे तो घरी बसून आपण पुरेसे आजारी पडण्याची वाट पाहतो. कॅलिफोर्नियात तरी हे असं नाही.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे भीती. 1994 मध्ये याच राज्यात 59 टक्के मतदारांनी प्रस्ताव 187 मंजूर केला, कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी सेवा नाकारणारा. त्यात डॉक्टरांनी कागदपत्रं नसल्याचा संशय असलेल्या रुग्णाची माहिती सरकारला कळवायची होती. न्यायालयानं तो अडवला, अमलात आला नाही. पण ज्यांनी ते ऐकलं ते विसरले नाहीत. 2019 चा 'पब्लिक चार्ज' नियम आठवा. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड नाकारलं जाऊ शकतं, असा. तेव्हा ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आपल्या मंडळींच्याही पोटात गोळा आला होताच की. नियम खरं तर थोड्यांनाच लागू होता. पण इथेच जन्मलेल्या, अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांची मदतसुद्धा आईबापांनी बंद करून घेतली. 2021 मध्ये नियम गेला. लोकांना 'आता या' म्हणून सांगणारं पत्र कुणी वाचलं?

ते सांगतात प्रोमोतोरा. वस्तीतल्याच बाया, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या. ज्या बाईची मुलं आपल्या मुलांबरोबर एका शाळेत जातात तिनं सांगितलं तर दार उघडतं. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातून आलेल्या कित्येक मजुरांची भाषा स्पॅनिश नाहीच, ती मिश्तेको किंवा त्रिकी. दवाखान्यानं स्पॅनिश दुभाष्या ठेवला आणि काम झालं म्हणून टिक मारली. समोरची बाई नुसती मान हलवते, कारण डॉक्टरला उलट विचारणं तिला जमत नाही. कॅलिफोर्नियातल्याच ऑक्सनार्डमध्ये मिश्तेको बोलणारे दुभाषे तयार करणारी संस्था गेली वीसहून जास्त वर्षं काम करते आहे. अशा संस्था मोजक्याच.

सध्याचं चित्र वाईट आहे, आडवळणानं कशाला सांगू? जानेवारी 2025 मध्ये दवाखाने आणि शाळांजवळ कागदपत्रं नसलेल्यांची धरपकड टाळण्याचं जुनं धोरण रद्द झालं. त्याच वर्षी मेडिकेडची, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची, माहिती इमिग्रेशन खात्याकडे गेल्याचं उघड झालं. कॅलिफोर्नियानं 2024 पासून कागदपत्रं नसलेल्या सर्व वयाच्या गरिबांना मेडी-कॅल, म्हणजे या राज्यातलं मेडिकेड, खुलं केलं होतं. जानेवारी 2026 पासून अशा प्रौढांसाठी नवी नोंदणी थांबली. आधीपासून नाव असलेल्यांचं चालू राहतं, पण नूतनीकरण करत राहिलं तरच. त्यासाठी घरी पिवळट रंगाचा एक लिफाफा येतो, आणि सरकारी लिफाफा म्हटला की तो फ्रिजवर तसाच पडून राहतो. तुमच्यापैकी ज्यांना शनिवारी दोन तास आहेत त्यांनी मला नंतर भेटा. डॉक्टर असण्याची गरज नाही. फॉर्म भरता यायला हवा, आणि समोरचा दोनदा विचारून घाबरला तर तिसऱ्यांदा न वैतागता सांगता यायला हवं. चला, प्रश्न घेऊ.