आजीची गोळी कुत्र्याला नको

नमस्कार श्रोतेहो. साताऱ्यात थंडी पडली की माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, टायगर म्हातारा झाला, आता उठवत नाही त्याला." लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अशी तीस-तीस किलोंची कुत्री. तपासलं की बहुतेकदा खुब्यात नाहीतर कोपरात संधिवात सापडतो. कुत्रं कण्हत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. उठताना ते पुढच्या पायांवर भार टाकून मागचं अंग ओढतं, थोडं चाललं की सैल होतं, जिन्याशी थबकतं, एकच सांधा चाटत बसतं. एवढं दिसलं तरी दाखवायला आणा.

मागच्या हिवाळ्यात गोडोलीहून एक लॅब्रॅडॉर आली. घरच्यांनी आजीच्या गुडघ्याची डायक्लोफिनॅकची गोळी चपातीत घालून चार दिवस दिली होती. मायेनंच दिली होती हो! पाचव्या दिवशी तिला डांबरासारखी काळी शी आणि रक्ताची उलटी झाली. सहा दिवस सलाईन लावलं, तेव्हा ती वाचली. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलही घरच्या डब्यातून देऊ नका. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांसाठी 2006 सालीच बंदी आली, कारण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती.

कुत्र्यांसाठी आम्ही बऱ्याचदा मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध देतो. पहिल्या दिवशी किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, मग रोज 0.1. म्हणजे तीस किलोंच्या कुत्र्याला रोज 3 मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये माणसांची गोळी 15 मिलिग्रॅमचीही मिळते, म्हणजे पाचपट! म्हणून आधी वजन करा. उचलवत नसेल तर धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं करा, दुकानदार नाही म्हणत नाहीत. औषध जेवणासोबतच द्या, पाणी कायम भरलेलं ठेवा. आधी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते लपवू नका, दोन्ही एकत्र झाली की पोटात जखमा होतात. सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या, आणि औषध लांबलं तर पुन्हा तपासा. उलटी, काळी शी किंवा जेवणावरून मन उडालेलं दिसलं, तर गोळी थांबवून लगेच फोन करा.

औषधाइतकंच वजन उतरवणं महत्त्वाचं. कंदी पेढ्याचा तुकडा, उरलेली तूप-पोळी बंद करा. रविवारी एकदाच अजिंक्यताऱ्यावर नेण्यापेक्षा रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्त्यानं फिरवा. आणि घरातली गुळगुळीत फरशी! पाय घसरला की दुखरा सांधा आणखी दुखावतो. निजायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत एक गोणपाट आजच अंथरून ठेवा.