साठ दिवस आणि एक टेबल

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर न फोडलेलं पाकीट)

हे पाकीट येऊन चार दिवस झाले. आत काय असणार, ते नवरा-बायको दोघांनाही ठाऊक आहे. नोकरी गेल्यावर आरोग्य विम्याचं पुढे काय, ते सांगणारे कागद.

टेक्सस. त्याची नोकरी गेली १२ तारखेला, पण कंपनीचा आरोग्य विमा ३१ तारखेपर्यंत चालू होता. मोजणी त्या ३१ तारखेपासून करायची. हे पाकीट धाडायला कायदाच ४४ दिवस देतो, ३० कंपनीला आणि १४ विमा सांभाळणाऱ्याला. इथे ते चाळिसाव्या दिवशी आलं. तोवर दुसरं घड्याळ चालूच होतं.

ते घड्याळ हेल्थकेअर डॉट गव्हचं, म्हणजे स्वतःचा विमा स्वतः घ्यायच्या सरकारी संकेतस्थळाचं. तिथली खुली नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते आणि काही आठवड्यांत संपते. एरवी लग्न झालं, मूल झालं, विमा गेला किंवा २६ पूर्ण झाल्यावर आईवडिलांच्या विम्यातून नाव निघालं, तर विशेष नोंदणी मिळते. मुदत ६० दिवस. गंमत बघा, गरोदर असणं या यादीत नाही. मूल जन्माला यावं लागतं. ती सातव्या महिन्यात आहे.

(एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांच्या मागे देशात राहण्याचं आणखी एक ६० दिवसांचं घड्याळ असतं, आणि ते नोकरी संपते तेव्हाच सुरू होतं. या दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, तेवढं एक बरं.)

(दृश्य: वाचनालयाची मागची खोली, घडीचं टेबल)

या बाई नॅव्हिगेटर आहेत, म्हणजे विमा निवडायला आणि अर्ज भरायला मदत करणाऱ्या. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टनं हे काम निर्माण केलं. विमा कंपनीकडून त्यांना काहीही घेता येत नाही, आणि समोरच्याकडून त्या फी घेत नाहीत. त्यामुळे इथे कुणी काही विकत नाही. अशी जागा या सगळ्या कारभारात दुसरी सापडणं कठीण.

त्यांचे हात बघा. पाकीट फोडतात आणि इतक्या पानांतून एकच ओळ शोधतात, विमा संपल्याची तारीख. तिच्याखाली पेन्सिलीची रेघ. मग बोटांवर मोजणी. आज चव्वेचाळिसावा दिवस, उरले सोळा.

बाकीची पानं कोब्राची, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याची. जुनाच विमा १८ महिने चालवता येतो, पण कंपनीचा वाटा बंद. अख्खा हप्ता आणि वर २ टक्के आपणच भरायचे. तो आकडा वाचतो. बाई पान उलटतात. एक गोष्ट मात्र त्या दोनदा सांगतात. कोब्रा घेतला आणि साठ दिवस उलटून गेल्यावर परवडत नाही म्हणून सोडला, तर विशेष नोंदणी मिळत नाही. खुल्या नोंदणीची वाट बघायची.

मग अर्ज. घरात माणसं किती, यंदाचं उत्पन्न अंदाजे किती. त्याच्या हाताशी पगाराच्या जुन्या स्लिपा आहेत, पुढचं काय लिहायचं? तेही बाई विचारून विचारून काढून घेतात. मग प्लॅनच्या पायऱ्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. तिच्या डॉक्टर कुठल्या प्लॅनच्या जाळ्यात (नेटवर्कमध्ये) आहेत, ते आधी तपासतात, हप्ता नंतर. पुरावा मागितला तर प्लॅन निवडल्यापासून ३० दिवसांत द्यायचा. रेघ मारलेलं ते पान लगेच स्कॅन होतं. विमा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून, पण पहिला हप्ता भरला तरच. ‘भरला तरच,’ असं त्या कागदावर लिहून देतात.

बाळासाठी पुन्हा ६० दिवस मिळतील. त्या मुदतीत अर्ज केला, तर विमा जन्माच्या दिवसापासून धरतात.

सोळा दिवस हुकले असते, तर बाळंतपणाचं बिल या दोघांच्या अंगावर.

(दृश्य: रिकाम्या खुर्च्या)

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनं नॅव्हिगेटरांचा निधी वर्षाला ९.८ कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणला.

पाच वाजता बाई टेबलाचे पाय दुमडतात, प्रिंटर गाडीत ठेवतात. उद्याचं वाचनालय चाळीस मैलांवर आहे.