पिझ्झा उलटा करून बघा

नमस्कार मंडळी. तर्री पोह्यांवर आपलं मागे बोलून झालं, आज मी पिझ्झ्याबद्दल बोलणार आहे. मला नेहमी विचारतात, ताई नागपुरात चांगला पिझ्झा कुठे मिळते. ठिकाणं सांगते, पण आधी एक गोष्ट ऐका. पिझ्झा समोर आला की वरचं चीज नका बघू, तुकडा उचला आणि उलटा करून खालची बाजू बघा. भाकरीला पडतात ना तसे बदामी-काळे ठिपके तिथे दिसले की समजायचं भट्टी बरोबर आहे. खाली पांढराफटक अन् ओलसर असला तर वर कितीही चीज ओता, काही उपयोग नाही. उलटा करून बघा.

हे मला कोणी शिकवलं ते सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

माझ्या लेकीचा दहावा वाढदिवस होता, मे महिन्यातला, आणि नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे. घरीच पिझ्झा पार्टी पाहिजे म्हणून हट्ट, चौदा पोरं बोलावलेली. सकाळी मैदा भिजवला, खमीर घातलं, परातीवर ओला कपडा टाकला, तर दुपारी बघते तं पीठ फुगून कपड्याला चिकटलेलं, इतकी गरमी. लसूण घालून टमाटरचा सॉस आटवला, ढोबळी मिरची चिरली, चीज किसलं, सगळं तयार. आणि साडेपाचला असं वादळ आलं की शेजारच्या अंगणातला निंब तारेवरच आडवा झाला. लाईन गेली. ओव्हन बंद, हॉलमध्ये अंधारात चौदा पोरं, लेकीचे डोळे भरून आलेले, मला काही सुचेना.

तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं काऊन बसली अशी? दिवाळीत नानकटाई कुठे भाजून आणतो आपण? बेकरीत ने नं."

आम्ही तेव्हा नागपूरच्या महाल भागात राहायचो, गल्लीच्या टोकाला जुनी बेकरी, लाकडाची भट्टी. पाऊस थांबल्याबरोबर ह्यांनी स्कूटर काढली, मी परात मांडीवर घेऊन मागे बसले, सासूबाई सॉसचा डबा घेऊन पायी आणि त्यांच्या मागे सगळी पोरं, वरात निघाल्यासारखी. बेकरीतले चाचा पावाचा घाणा काढून नुकते टेकले होते. मी सांगितलं असं असं झालं. त्यांनी पिठात बोट खुपसून बघितलं अन् म्हणाले, "आटा अच्छा है बेटी, पर थाली में मत डालो." मी स्टीलच्या ताटल्या नेल्या होत्या ना, त्या बाजूला ठेवल्या. मग त्यांनी चिमूटभर मैदा घेतला आणि भट्टीत विटांवर फेकला. पडल्या पडल्या काळा. "अभी नहीं." बांबूला गुंडाळलेलं ओलं पोतं आतून फिरवलं, वाफेचा मोठा लोट बाहेर आला, थोडं थांबले, परत चिमूट फेकली. यावेळी मैदा हळूहळू बदामी होत गेला, दहा आकडे मोजेपर्यंत. "अब डालो." ना काटा, ना थर्मामीटर, दोन चिमटी मैदा बस.

पहिला पिझ्झा लाकडी फळीवरून तिरपा घसरला, पार कैरीच्या आकाराचा झाला. पोरं श्वास धरून उभी. तीन-चार मिनिटांत कडा फुगल्या, चीज खदखदायला लागलं. चाचांनी तो बाहेर काढला, फडक्याने धरून खालची बाजू माझ्याकडे केली आणि बोटाने टिचकी मारली. टक्क! "नीचे देखो बेटी, ऊपर से तो सब अच्छाच दिखता है."

नऊ पिझ्झे भाजले त्या संध्याकाळी. पोरांनी तिथेच बेकरीच्या पायरीवर बसून खाल्ले, मेणबत्ती लावून केकही तिथेच कापला. चाचांनी पैसे घेतले नाहीत, एक तुकडा उभ्याउभ्या खाल्ला आणि म्हणाले, नमक कम है. खरंच कमी होतं. तेव्हापासून अर्धा किलो मैद्याला मी मोजून दहा ग्रॅम मीठ घालते, तुम्हीही लिहून ठेवा, अर्धा किलोला दहा ग्रॅम.

आता हे विटांचं एवढं का, तर तापलेली वीट पिठाला खालून एकदम चटका देते आणि ओल शोषून घेते. पिझ्झ्याचं गाव म्हणजे इटलीतलं नेपल्स, तिथल्या लाकडाच्या भट्ट्या ४३० अंशांच्या वर तापतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला. आपला घरचा ओव्हन २५० पर्यंत जातो, म्हणून घरी करायचा तर लोखंडी तवा आत अर्धा तास तापवा आणि त्याच्यावर बेस टाका.

आणि नेपल्सकडचं नावाजलेलं मोझरेला चीज कशाचं असते माहीत आहे? म्हशीच्या दुधाचं. आता आपल्याकडे नागपुरी म्हैस, लांब तलवारीसारखी मागे गेलेली शिंगं, दुधाला ७ टक्क्यांच्या वर फॅट, नागपूर-वर्धा-अमरावतीच्या उन्हात टिकणारी. तिच्या दुधाचं चीज इथेच का होऊ नये? आमच्या विदर्भातल्या पोरांनी हे मनावर घ्यावं असं मला मनापासून वाटते.

असो, ठिकाणं. सदरला रेसिडेन्सी रोडच्या आतल्या गल्लीत चार टेबलांचं एक दुकान आहे, पीठ रोज तिथेच मळतात, साधा मार्गेरिटा मागवा, खालचे ठिपके बघा, मन भरते. धरमपेठेत ट्रॅफिक पार्ककडची गाडी, तिथे तव्यावरचा पिझ्झा, बेस रेडीमेड आहे पण तो भाऊ आधी बेस दोन्हीकडून बटरवर कडक शेकतो, मग सॉस लावून झाकण ठेवतो, म्हणून जमते. फुटाळा तलावावर वारा फार, पाच मिनिटांत थंडगार होते, घेतला की लगेच खा. आणि घरची म्हातारी माणसं सोबत असली तर मी सरळ हल्दीरामला नेते, पोरांना पिझ्झा, आजीला दोसा, आणि बसायला धड खुर्ची. नवीन नवीन पिझ्झावाले ते उंच स्टूल ठेवतात ना, त्याच्यावर सत्तर वर्षांच्या माणसाने चढायचं कसं सांगा? आजी-आजोबांनाही पिझ्झा आवडतो हो.

पार्सल आणलं तर डब्याचं झाकण लगेच उघडा, नाहीतर वाफेने सगळा बेस मऊ पडते. पण शक्यतो तिथेच बसून खा.

महालातली ती बेकरी अजून आहे, चाचांचा मुलगा बसतो आता. संध्याकाळी पावाचा घाणा निघाला की विचारायचं, सवड असली तर भाजून देतो. तुमच्या मोहल्ल्यात लाकडाची भट्टी अजून पेटत असेल तर आपल्या केंद्राच्या पत्त्यावर मला नक्की कळवा, कुठे आहे अन् किती वाजता मोकळी असते तेवढं लिहा, परात घेऊन मी येते.