पाटी कोरी असताना

मघाशी मी विचारलं, गुंतवणुकीसाठी, म्हणजे घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकण्यासाठी, आजवर किती घरं घेतलीत, तेव्हा बहुतेकांनी एकही नाही असं सांगितलं. तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या, तर निम्म्याहून जास्त एकाच काळजीच्या आहेत: आम्ही नवे, घरमालक आमच्यावर विश्वास कसा ठेवणार? मी हा प्रश्न थोडा फिरवून घेतो. त्याने तो का ठेवावा?

खरंच विचार करा. एखाद्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं हप्ते फेडून घर उभं केलेलं असतं. ते विकायची वेळ येते तेव्हा पुष्कळदा मागे काहीतरी घडलेलं असतं. घरातलं कुणी गेलेलं असतं, संसार मोडलेला असतो, कर्ज थकलेलं असतं, नाहीतर वारसांना ते घर सांभाळणं जमत नसतं. अशा वेळी एक अनोळखी माणूस दारात येतो आणि म्हणतो, तुमचं घर मी जसं आहे तसं घेतो, लवकर घेतो. ऐकणाऱ्याने सावध व्हावं हेच शहाणपणाचं आहे. त्याच्या संशयाने तुमचा अपमान होत नाही. उलट, त्याच्या जागी तुमचे आईवडील असते तर त्यांनी असाच संशय घ्यावा असं तुम्हीच त्यांना बजावलं असतं.

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा साधा आहे. गाडीतली खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीत खोट असेल असं धरून भाव पाडून मागतो. त्या भावात चांगली गाडी विकायला कुणी तयार होत नाही, आणि बाजारात खराब गाड्याच उरत जातात. घरालाही हे लागू आहे. गळती कुठे होते, कुठल्या खोलीत ओल येते, हे मालकाला ठाऊक असतं. पण आपल्या व्यवहारात याची दुसरी बाजू आहे, आणि नव्या माणसाला ती सहसा दिसत नाही. खरेदीदारातली खोट फक्त खरेदीदारालाच माहीत असते. याच्याकडे पैसे आहेत का? हा ठरल्या दिवशी येईल का? की सही घेऊन घर अडकवून ठेवेल आणि शेवटच्या आठवड्यात भाव पाडेल? घरमालकाला चांगला खरेदीदार आणि वाईट खरेदीदार वेगळा ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच वाईट धरून चालतो. तुम्ही दारात उभे राहता तेव्हा तुमच्या आधी येऊन गेलेल्या प्रत्येक फसव्या माणसाची किंमत तुम्ही भरत असता.

यातून वाट कुठली? तिचं उत्तर मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराबद्दल लिहिताना दिलं. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत दिसत नाही, म्हणून तो खुणा बघतो. खूण उपयोगी केव्हा ठरते? जेव्हा ती दाखवणं खऱ्या माणसाला परवडतं आणि खोट्याला महाग पडतं. अकरलॉफ, स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ साली याच विषयासाठी नोबेल मिळालं. तुम्ही तेवढी एकच कसोटी लक्षात ठेवा: मी जे दाखवतो आहे, ते एखाद्या लबाड माणसालाही फुकटात दाखवता येईल का?

या कसोटीवर बघा. गुळगुळीत व्हिजिटिंग कार्ड कुणालाही छापून मिळतं. वेबसाइट एका दिवसात होते. ‘मी प्रामाणिक माणूस आहे’ हे वाक्य तर लबाड माणूस तुमच्यापेक्षा सफाईने म्हणतो. नवे लोक आपला पहिला पैसा आणि पहिला महिना नेमका यावरच घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे असू नये असं नाही. कार्डावर खरं नाव आणि उचलला जाणारा नंबर हवाच. पण त्यातून विश्वास येत नाही.

आता महाग खुणा बघू. बँकेचं किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेचं पत्र, ज्यावर ताजी तारीख आहे आणि ज्याची शहानिशा घरमालक स्वतः फोन करून करू शकतो. भरीव बयाणा, तोही त्रयस्थाच्या ताब्यात ठेवलेला, म्हणजे वकील किंवा तशा कामासाठी नेमलेली संस्था. घर तपासण्यासाठी मागितलेली कमी मुदत. तीस दिवस मागणारा आणि आठ दिवसांत इंजिनिअरला आणून उत्तर देणारा, यांच्यातला फरक घरमालकाला लगेच कळतो, कारण त्या मुदतीत त्याचं घर बाजाराबाहेर असतं. आणि करारात लिहिलेलं, की आम्ही कारण नसताना मागे फिरलो तर बयाणा तुमचा. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, तो या अटींवर सही करूच शकत नाही.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, की आमच्याकडे तरी एवढे पैसे कुठे आहेत? मग व्यवहाराच्या आधी ते जमवा, किंवा ज्याच्याकडे आहेत त्याच्याबरोबर भागीदारी करा आणि त्या भागीदाराला घरमालकासमोर बसवा. उसना विश्वास घेण्यात काही कमीपणा नाही. अनुभवी ठेकेदार, वकील, या धंद्यात मुरलेला माणूस, यांचं नाव त्यांची परवानगी घेऊन सांगा, म्हणजे घरमालक त्यांना तुमच्याबद्दल विचारू शकेल. परवानगी घेऊन, हे मी मुद्दाम म्हणतोय. न विचारता घेतलेलं नाव एका फोनमध्ये उघडं पडतं.

आणि हे माझं पहिलंच घर आहे, हे सांगायचं का? सांगायचं. अनेकजण ‘आम्ही’ म्हणतात, ‘आमची कंपनी’ म्हणतात, आणि कंपनीत एकटेच असतात. ‘याआधी किती घेतलीत?’ या दुसऱ्या प्रश्नाला ते गडबडतात, आणि घरमालक त्या क्षणी आत दार लावून घेतो. त्यापेक्षा सरळ म्हणा: माझा हा पहिला व्यवहार आहे, म्हणून कागदपत्रं अनुभवी वकिलाकडून करून घेतोय, दुरुस्तीचा अंदाज अमक्या ठेकेदाराने दिलाय, आणि पैशांचं पत्र हे. पाटी कोरी आहे हे लपवता येत नाही, पण तिच्याभोवती कोण उभं आहे हे दाखवता येतं.

पहिल्या भेटीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण निम्मे व्यवहार तिथेच बिघडतात. नवा माणूस घरात शिरतो आणि दोष मोजायला लागतो. हे छत गेलंय, ही फरशी बदलावी लागेल, स्वयंपाकघर फारच जुनं आहे. त्याला वाटतं, यामुळे भाव खाली येईल. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. घेतलेल्या भावापेक्षा कमी मिळण्याची वेळ ज्यांच्यावर आली होती, ते मालक सांगायचा भाव इतरांपेक्षा चढा ठेवत आणि जास्त काळ थांबत. तोटा सोसणं माणसाला फार जड जातं. अशा मनःस्थितीतल्या माणसाला त्याच्या घराचे दोष ऐकवणं म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणं आहे. ते दोष तो रोज बघतो.

मी पहिल्या भेटीत मोजपट्टी काढत नाही. बसतो आणि विचारतो: विकून झाल्यावर तुम्हाला काय व्हायला हवंय? या एका प्रश्नाची उत्तरं थक्क करणारी असतात. कुणाला मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत इथेच राहायचं असतं. कुणाला माळ्यावरचं सामान आवरायचं बळ उरलेलं नसतं. एका गृहस्थांना भावाशी वाटणी होईपर्यंत पैसे हातात नको होते. घरमालक फक्त पैसे मागतो असं धरून बसलात, तर यातलं काहीच तुमच्या कानावर येणार नाही. आणि ‘हे सगळं सामान मी हलवतो, तुम्ही हवं तेवढं घ्या’ असं म्हणण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही.

मग आकडा सांगायची वेळ येते. इथे मी एक गोष्ट करतो, जी पुष्कळ जुन्या लोकांना वेडेपणाची वाटते: मी आकडेमोड कागदावर लिहून घरमालकाला देतो. समजा, घर पूर्ण दुरुस्त झाल्यावर १०० ला विकलं जाईल. दुरुस्तीला १५. विकताना येणारा दलालीचा आणि कागदपत्रांचा खर्च ८. मधल्या काळातलं व्याज, कर आणि विमा मिळून ४. माझा नफा आणि जोखीम १०. उरले ६३, ते मी तुम्हाला देऊ शकतो. नफ्याची ओळ लपवायची नाही. घरमालकाला माहीतच असतं, की तुम्ही धर्मादाय काम करायला आलेला नाहीत. ती ओळ दिसली नाही, तर तो मनातल्या मनात दहाच्या जागी तीस लिहितो.

आणि प्रत्येक ओळ त्याला तपासता आली पाहिजे. १०० कुठून आले? शेजारच्या, तशाच आकाराच्या तीन घरांचे नुकते विकलेले भाव, पत्त्यांसकट. १५ कुठून आले? ठेकेदाराचा लेखी अंदाज. कुणी तो अंदाज स्वतःच्या मेस्त्रीकडून पडताळून घेतो म्हणाला, तर मला आनंद होतो. एकदा एका बाईंच्या मेस्त्रीने तेच काम बरंच स्वस्तात होईल असं दाखवून दिलं आणि मी आकडा वाढवला. त्या दिवसानंतर त्यांनी मला उलटतपासणीचा एकही प्रश्न विचारला नाही.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी त्यांचे दुसरे मार्ग लिहितो. खुल्या बाजारात एजंटमार्फत विकलं तर कदाचित जास्त मिळेल, पण काही महिने लागतील, दलाली जाईल, थोडी डागडुजी करावी लागेल. घाई नसेल तर तो मार्ग माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी तोंडाने म्हणतो. घाई न करण्याला खरंच किंमत असते. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातल्या घरविक्रीवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि जवळपास ३.७ टक्के जास्त भाव मिळवतात. ज्याला बाजार कळतो, तो स्वतःसाठी थांबतो. मग ज्याला थांबणं शक्य आहे, त्या घरमालकापासून आपण हे का लपवायचं? ज्याला खरोखर वेग हवाय, ज्याचं घर बँक कर्जाला पात्र धरणार नाही अशा अवस्थेत आहे, ज्याला लोकांची रांग घरात नको आहे, तो हे सगळं वाचूनही तुमच्याकडे येतो. आणि असा आलेला माणूस अर्ध्या वाटेत पाठ फिरवत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एक घर हातचं जाऊ नये म्हणून मी परवडणार नाही असा आकडा बोललो. मनात होतं, तपासणीत काहीतरी निघेलच, तेव्हा कमी करू. निघालंच. जुन्या पाइपलाइनचं कारण सांगून मी भाव उतरवला. त्या गृहस्थांनी तोवर नव्या जागेचं भाडं भरलं होतं, त्यामुळे त्यांना हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. व्यवहार झाला, मला नफाही झाला. किल्ल्या देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाइपलाइन जुनी आहे हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं, आणि त्यांना हे ठाऊक होतं. ठरल्यानंतर भाव उतरवणं या धंद्यात इतकं रुळलंय, की काही लोक ते कौशल्य म्हणून शिकवतात. माझ्या मते ती सरळ चोरी आहे, कारण समोरचा माणूस तोवर अडकलेला असतो. खरोखर न दिसणारा दोष निघाला तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा: इतक्यापर्यंतचा खर्च माझा, त्यापुढचा निघाला तर दोघांनी बसून बोलायचं, आणि पटलं नाही तर तुम्ही मोकळे.

दुसरी एक पद्धत इथल्या काहींना माहीत असेल: स्वतः न घेता करार करायचा आणि तो करार जास्त भावाने पुढच्या खरेदीदाराला द्यायचा. नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, ते आपल्या वकिलाला विचारा. पण कायदा काहीही म्हणो, घरमालकाला पहिल्याच बैठकीत सांगा की घर तुम्ही घेणार नाही, घेणारा शोधणार आहात, आणि तो न मिळाल्यास काय होईल. सही करताना एक चेहरा आणि किल्ल्या देताना दुसराच, हे ज्याला आधी सांगितलेलं नसतं तो स्वतःला फसवलेला समजतो, आणि ते बरोबरच आहे.

बाकीचं काम लहान लहान शब्दांनी होतं. गुरुवारी सहाला फोन करतो म्हणालात तर गुरुवारी सहाला करा, सांगण्यासारखं काही नसलं तरी. उत्तर नकार असेल तर तो त्याच दिवशी कळवा. नव्या माणसाकडे दाखवायला जुने व्यवहार नसतात, पण पहिल्या भेटीपासून सहीपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत असे दहा-बारा लहान शब्द दिले जातात, आणि घरमालक ते मोजत असतो. तुमचा इतिहास तो स्वतःच्या डोळ्यांसमोर तयार होताना बघतो.

ज्या बाईंच्या मेस्त्रीबद्दल मघाशी बोललो, त्यांनी शेवटी घर मला विकलं नाही. कागद वाचून त्यांनी खुल्या बाजारात जायचं ठरवलं. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांना माझ्या आकड्यापेक्षा बरंच जास्त मिळालं होतं. मधल्या काळात आलेल्या प्रत्येक खरेदीदारासमोर त्यांनी माझा तो कागद टेबलावर ठेवला होता आणि विचारलं होतं, तुमच्या ओळी कुठे आहेत?